शिसं, कॅडमियम आणि यकृत : भट्टीवर राबणाऱ्या घरानं काय खावं, कधी खावं

माझे मामा गलाईवाले. विट्याजवळच्या गावातून सतराव्या वर्षी बाहेर पडले आणि पुढची पस्तीस वर्षं दक्षिणेतल्या एका शहरात सोनं-चांदी आटवण्याच्या भट्टीपुढे बसले. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात हे घरोघरी आहे. पावसानं दगा दिला, शेती परवडेना, तेव्हा मूस, भट्टी आणि तेजाब यांच्या जोरावर आमची माणसं देशभर पसरली. दिवाळीला मामा आले की आजी त्यांना रोज सकाळी गुळाचा खडा हातावर ठेवायची. म्हणायची, "खा रे, धूर उतरतो."

मी आहारशास्त्र शिकले ते नंतर. मामांच्या पोटात सारख्या कळा यायला लागल्या, रक्तात शिसं जास्त निघालं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो गुळाचा नव्हता, हळदीचाही नव्हता. "सकाळी काही खाऊन भट्टीवर बसता का?" मामा म्हणाले, "चहा घेतो. जेवण दोन वाजता." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. तो प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. काय खायचं हे सगळे विचारतात. कधी खायचं, हे फार थोडे विचारतात.

हा लेख गलाईवाले, सोनार, चांदीकाम करणारे, बॅटरीच्या आणि भंगाराच्या धंद्यातले, रंगकाम करणारे आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. बाकीच्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, कारण शिसं भट्टीवरच असतं असं नाही.

आधी यकृतात काय होतं ते समजून घ्या

शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक या चौघांना गंधकाची ओढ असते. आपल्या शरीरातल्या अनेक प्रथिनांमध्ये, विकरांमध्ये (एन्झाइममध्ये) गंधकाचे हात असतात. धातू आत आला की तो या हातांना जाऊन चिकटतो आणि त्या विकराचं काम बंद पडतं. सोबत पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक कण वाढतात आणि पेशीच्या आवरणातली चरबी खवट तेलासारखी खराब होऊ लागते.

याला तोंड द्यायला यकृताकडे स्वतःचा एक पहारेकरी आहे : ग्लुटाथायोन. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी आहे आणि तिच्यातल्या सिस्टीनला गंधकाचा हात आहे. धातू विकराला चिकटण्याआधी ग्लुटाथायोनच त्याला पकडतं. पारा असा पकडला गेला की पित्तावाटे आतड्यात टाकला जातो. कॅडमियमसाठी यकृत मेटॅलोथायोनिन नावाचं वेगळं प्रथिन तयार करतं आणि धातू त्यात कोंडून ठेवतं. कोंडून ठेवतं म्हणजे बाहेर काढतं असं मात्र नाही. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं मुक्काम करतं. आर्सेनिकला यकृत मिथाइल गट जोडतं आणि लघवीवाटे घालवतं. त्या कामाला फोलेट आणि बी-१२ लागतात.

शिशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्याचा मुख्य मार मेंदू, रक्त आणि मूत्रपिंडावर असतो, आणि शरीरातलं बहुतेक शिसं हाडांत जाऊन बसतं. यकृतालाही ते सोडत नाही, पण फक्त यकृत जपून शिशाचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून अँटिऑक्सिडंट आहार, म्हणजे त्या आक्रमक कणांना आवरणारं खाणं, हे वरून ओतायचं औषध नाही, यकृताच्या पहारेकऱ्याला पोचवायची रसद आहे. रसद कमी पडली तर पहारेकरी थकतो. पण दरवाजा सताड उघडा असेल तर कितीही रसद पुरत नाही.

पहिली पायरी : धातू कुठून येतो ते शोधा

एक रविवार यासाठी द्या. वही घेऊन घर आणि कामाची जागा फिरून बघा.

कामाच्या जागेपासून सुरुवात करा. जुन्या पद्धतीनं चांदी शुद्ध करताना ती शिशासोबत वितळवतात. त्याचा धूर आणि राख दोन्ही घातक. सोनारकामात 'केडीएम' हा शब्द गिऱ्हाईक अजूनही कौतुकानं उच्चारतं, पण केडीएम म्हणजे कॅडमियम. साधारण ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम मिसळून केलेला हा डाख, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडायचा मिश्रधातू. दागिना अंगावर घालणाऱ्याला त्याचा फारसा त्रास नाही, पण डाख देताना जो धूर उठतो तो कारागिराच्या छातीत जातो आणि तिथून यकृत-मूत्रपिंडात. कॅडमियमविरहित डाख बाजारात मिळतो. मालक तुम्हीच असाल तर आजच बदला, कामगार असाल तर मागणी करा.

मग घर. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याला कॅडमियमचा रतीब रोजच असतो. मिश्री लावणाऱ्या आयाबायांनी तंबाखूच्या झाडाची ही सवय ध्यानात ठेवावी. घराचे जुने रंगाचे पोपडे बघा : घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग अशी आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या भिंती-दारांचा भरवसा नाही. कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. स्वस्तात करून देणाऱ्याच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ मध्ये बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं असा इशारा दिला आहे. आईनं प्रेमानं दिलेली जुनी कढई असेल तर ती शोभेला ठेवा, आमटीला नको. सुरमा आणि शेंदूर यांतही शिसं असू शकतं. बाळाच्या डोळ्यात काही घालू नका.

आणि हळद. ज्या हळदीला आपण यकृताची मैत्रीण म्हणतो, तिच्यातच शिसं सापडलं आहे. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग लावतात. बांगलादेशात हे २०१९ मध्ये उघड झालं, सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, आणि बाजारातल्या भेसळीच्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावरच्या काही नमुन्यांत किलोमागे हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. आपल्याकडची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. सांगली-वसमतच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घ्या, चमकणारी टाळा, मळकट बरी. घासून धुवा, कडक वाळवा आणि आपल्या डोळ्यांसमोर दळून घ्या.

दुसरी पायरी : तपासणी, आणि कोणती करू नये तेही

शिशासाठी शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी करायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं आहे की डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतं हे शोधून बंद करावं. आर्सेनिकसाठी लघवी तपासतात. त्याआधी तीन-चार दिवस मासळी खाऊ नका, कारण मासळीतलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं. कॅडमियमसाठी रक्त आणि लघवी दोन्ही.

एसजीपीटी, एसजीओटी बरोबर आले म्हणजे धातू नाही, असं समजू नका. त्या तपासण्या यकृताची दुखापत दाखवतात, धातू दाखवत नाहीत. केसांची तपासणी, किंवा आधी गोळी देऊन मग लघवी तपासून मोठा आकडा दाखवणारी 'डिटॉक्स' तपासणी, या दोन्हींवर पैसे घालवू नका. गोळी दिल्यावर धातू कुणाच्याही लघवीत वाढतोच.

तिसरी पायरी : रिकाम्या पोटी भट्टीवर बसू नका

लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये माणसांना अगदी थोडं, शरीरात माग काढता येईल असं शिसं देऊन मोजमाप झालं. उपाशीपोटी घेतलेल्या शिशातलं सुमारे ६० टक्के शरीरात राहिलं. तेच पूर्ण जेवणासोबत घेतलं तेव्हा साधारण ४ टक्के. धातू तोच; फरक फक्त पोटात अन्न असण्याचा.

आता आमच्या लोकांचा दिवस बघा. सकाळी चहा, मग काम, दोन वाजता जेवण. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, पण उपवासाच्या दिवशी भट्टीवर बसायचं असेल तर आधी दूध, राजगिऱ्याची लाही, शेंगदाण्याची आमटी आणि भगर पोटभर खाऊन जा. निर्जळी असेल तर त्या दिवशी भट्टीचं काम दुसऱ्याला द्या.

याच्याच जोडीचं : खाण्याआधी हात साबणानं, नखांसकट धुवायचे. डबा भट्टीच्या खोलीत उघडायचा नाही. तंबाखू मळायची नाही, कारण ज्या तळहातावर ती मळता त्याच तळहातावर शिशाची धूळ असते. कामाचे कपडे तिथेच काढायचे आणि घरात वेगळे धुवायचे. घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ही कामं आहारात मोडत नाहीत असं वाटेल, पण धूळ तोंडावाटे जाते म्हणजे तीही खाल्लीच जाते.

चौथी पायरी : आतड्यात धातूला जागा नको

लोह, कॅल्शियम, जस्त कमी पडलं की आतडं त्यांच्या जागी येईल ते उचलतं. लोह कमी असलेल्या शरीरात शिसं आणि कॅडमियम जास्त शोषलं जातं, कारण ते लोहाच्याच दारानं आत शिरतात. गर्भारपणी तर हाडांतलं कॅल्शियम सुटताना जुनं शिसंही सुटतं आणि बाळापर्यंत जातं. म्हणून कारागिराच्या घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन तपासणं ही यकृताच्या रक्षणाचीच पायरी आहे.

कॅल्शियमसाठी नाचणी. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे धान्यांत तिला तोड नाही. आंबील करून ताक घालून घ्या. तिळाची चटणी, दही, शेवग्याची पानं. लोहासाठी आळीव, मटकी-मसुराची मोड आलेली उसळ, बाजरी, मेथी-माठाच्या भाज्या, आणि खात असाल तर मटण, सुकट. उसळीवर लिंबू पिळा, लोह जास्त उतरतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह अडतं; तासभर थांबा. कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून आंबील सकाळी आणि उसळ दुपारी.

लोहाच्या गोळ्या मात्र रक्त तपासल्याशिवाय घेऊ नका. जास्तीचं लोह यकृतातच साचतं आणि तिथं तेही इजा करतं.

आजीच्या गुळाचं काय? गूळ धातू उतरवत नाही. पण त्या खड्यासोबत मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध असेल तर पोट रिकामं राहत नाही आणि कॅल्शियमही जातं. आजीची वेळ बरोबर होती, खडा तेवढा अपुरा होता.

पाचवी पायरी : यकृताची रसद

इथे खरं सांगायला हवं. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, ग्रीन टी यांनी 'यकृत धातूपासून वाचलं' असे जे अहवाल तुम्ही वाचता, ते बहुतेक उंदरांवरचे असतात. उंदराला शिशाचं किंवा कॅडमियमचं द्रावण पाजतात, सोबत वजनाच्या मानानं भरमसाट डोस देतात. त्यातून यंत्रणा कळते, आपल्या ताटाचं माप कळत नाही. माणसांवरचे अभ्यास थोडे आहेत, पण त्यातले तीन मला उपयोगी वाटतात.

पहिला लसणाचा. इराणमध्ये गाड्यांच्या बॅटरी बनवणाऱ्या कारखान्यातल्या ११७ कामगारांवर चार आठवडे प्रयोग झाला. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लसणाच्या गोळ्या, निम्म्यांना डी-पेनिसिलामिन हे धातू काढणारं औषध. सौम्य ते मध्यम विषबाधेत दोन्ही गटांत रक्तातलं शिसं जवळपास सारखं उतरलं आणि लसणाच्या गटाला त्रास कमी झाला. दुसरा क जीवनसत्त्वाचा, अमेरिकेत १९९९ मध्ये, सिगारेट ओढणाऱ्या ७५ तरुणांवर. रोज १००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं आठवड्यात खूप खाली आलं, पण लघवीतलं वाढलं नाही. म्हणजे बहुधा शोषणच कमी झालं. तिसरा बांगलादेशातला, २००७ चा : आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्या आणि फोलेट कमी असलेल्या लोकांना १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल दिल्यावर रक्तातलं आर्सेनिक सुमारे १४ टक्क्यांनी घटलं.

यातून ताट असं भरायचं.

लसूण रोज, तीन-चार पाकळ्या. पाकळी खलबत्त्यात ठेचा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. पाकळी फुटली की तिच्यातलं विकर कामाला लागतं आणि ॲलिसिन तयार होतं; तोच तो नाकात जाणारा उग्र वास. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात टाकलंत तर विकर जळतं आणि ॲलिसिन तयारच होत नाही. आमच्याकडे भाकरीसोबत कच्च्या लसणाचा ठेचा असतो, त्याला दहा मिनिटं आधी करायची एवढीच सुधारणा पुरे. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर जास्त लसणाआधी डॉक्टरांना विचारा.

गंधक कांद्यात, मुळ्यात, कोबीत, मोहरीत आहे. पण सिस्टीनचा मोठा साठा प्रथिनांत असतो : अंडी, डाळी, तीळ, दही, मासळी. प्रथिनंच कमी पडली तर ग्लुटाथायोन कशाचं बनणार? किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास. पातळ आमटी आणि भातावर ते होत नाही. दोन वाट्या घट्ट उसळ-डाळ, एक अंडं, वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे लागतात.

क जीवनसत्त्वासाठी गोळीची गरज नाही. शंभर ग्रॅम पेरू किंवा आवळ्यात २०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. रोज एक पेरू. नसेल तेव्हा आवळा, लिंबू, कच्ची कैरी. फोलेट हरभरा, चवळी, पालेभाजीत असतं; शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, दोघांची जोडी आहे. रंगासाठी करवंदं, जांभळं, कोकमाचं सार, आणि हळद स्वयंपाकात घालतो तेवढी.

पालेभाजी कुठली हेही बघा. मुंबईत रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीतला धातू धुऊन जात नाही, तो पानाच्या आतच असतो. मासळीत बांगडा, तारली, बोंबील ही छोटी, कमी जगणारी मासळी घ्या. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साचत जातो. गर्भार बाईनं आणि लहान मुलांनी ती टाळावी.

आर्सेनिकचा प्रश्न महाराष्ट्राच्या बहुतेक भागात नाही, पण बिहार, बंगाल, आसामात भट्ट्या टाकलेल्या आमच्या लोकांना आहे. तिथं विहीर-बोअरचं पाणी तपासून घ्या. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट घट्ट होतं. भात चांगल्या पाण्यात, सहापट पाणी घालून शिजवा आणि पेज ओतून द्या.

हे करू नका

हळदीच्या कॅप्सूल, विशेषतः मिऱ्यातलं पायपरिन घातलेल्या. पायपरिन कर्क्युमिन कित्येक पट जास्त रक्तात पोचवतं आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला गंभीर इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी, गोळी वेगळी.

गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं वनस्पतीची ओळख नीट पटली होती का, असा आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्याच्या यकृतावर आधीच धातूचा भार आहे त्यानं हा धोका का घ्यावा?

कुणाच्याही सांगण्यावरून भस्मं. मामांना एका ओळखीच्यानं 'यकृत शुद्धी'ची पुडी दिली होती. आम्ही ती तपासायला पाठवली, तर तिच्यातच शिसं निघालं. पस्तीस वर्षं भट्टीचा धूर खाल्लेल्या माणसाला औषध म्हणून पुन्हा तेच.

आणि दारू. ग्लुटाथायोनचा साठा ती रिकामा करते. दिवसभर भट्टी आणि रात्री बाटली, हे यकृताला सोसत नाही. त्यावर अंगदुखीसाठी सारख्या पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या घेतल्या तर त्याही तोच साठा वापरतात.

एक दिवस, डब्यासकट

सकाळी साडेसहाला ताक घातलेली नाचणीची आंबील, एक भाकरी, तिळाची चटणी, एक अंडं. चहा त्यानंतर तासाभरानं. दहा-साडेदहाला हात धुऊन, बाहेर येऊन पेरू आणि मूठभर शेंगदाणे. दुपारी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ लिंबू पिळून, मेथी, कच्चा कांदा-मुळा, लसणाचा ठेचा. संध्याकाळी घरी आल्यावर आधी अंघोळ, मग मुलांना जवळ घ्यायचं. रात्री घट्ट डाळ, भात, कोबी, दही.

मामींनी हा डबा आता दीड वर्ष चालवला आहे. मामांनी भट्टी भाच्याकडे सोपवली, स्वतः फक्त हिशेब बघतात. रक्तातलं शिसं उतरत आहे, पण सावकाश, कारण हाडांतला साठा वर्षानुवर्षं झिरपत राहतो.

डॉक्टरांकडे धावायचं कधी

डोळे पिवळे, लघवी गडद, पोटात पिळवटणाऱ्या कळा आणि बद्धकोष्ठ, मनगट लुळं पडणं, मुलाचं चिडचिडेपण किंवा अभ्यासात अचानक मागे पडणं : यातलं काही दिसलं तर आहारावर वेळ घालवू नका. मुलाच्या रक्तात डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर धातू बाहेर काढणारी औषधं लागतात आणि ती रुग्णालयाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. जाताना कामाची माहिती स्वतःहून सांगा : कोणती भट्टी, कोणता डाख, किती वर्षं, घरात कोणती भांडी, कोणती पुडी. डॉक्टर विचारतीलच असं नाही. पुडी किंवा बाटली घरात असेल तर तीही सोबत न्या.